कॉम्प्युटर बंद करायचा माहा मान

सोमवार, दिवेलागणीनंतर

सुधाकरनं, माह्या मुलानं, घरच्या लिनक्स कॉम्प्युटरवर माह्या नावाचं खातं काढून देल्लं, तवा मी आळीभर पेढे वाटले. रोज भजनं ऐकून झाली की मीच तो बंद करायची अन् माह्या जुन्या लुगड्याचं झाकण त्याच्यावर घालायची. आज बंदच होईना.

"काहून रे?"

"आई, बिघडला तो."

तो बाहेर गेला अन् सूनबाईनं तिच्या खात्यातून झटक्यात बंद केला! म्हणे, "आई, ह्यांचं काम चालू असताना तुम्ही बंद केलता ना, म्हणून यांनी तुमची परमिशन काढली."

मले सांगतलं असतं, तर विचारून बंद केला असता. पेढे वाटले मी, अन् हा खोटं बोलला.

झाकण आज मांडीवरच आहे. घाल म्हणा आता त्यालेच.