खमीर घालताना ओरडायचं

सिग्ने बाळा,

आजीच्या अंत्यविधीची गाणी ठरवायला चर्चमध्ये चाललोय.

पातेल्यातली माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाची, पिशवी बाबांना वर उचलायला सांग आणि आपोआप निथळू दे. पिळू नका, बिअर तुरट होते. पिशवीने मीही पहिल्यांदाच करतोय. आजीचं लाकडी पिंप मला कधी जमलं नाही. मग बाबा रस उकळतील. तो निवून धारोष्ण दुधाइतका कोमट झाला की आजीच्या बरणीतलं खमीर तू घाल.

आणि घालताना ओरड. जितकं मोठं ओरडावं तितकी बिअर चढते, हे तुला ठाऊकच आहे. आपल्या घरात ते काम आजीचं. ती ओरडली की खालच्या मळ्यातला तोरलाइफ म्हणायचा, "गुनवोरबाई, माझ्या गाई आटवल्यात आज."

सकाळी गोठ्यात जाऊन मी ओरडून पाहिलं. तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. शनिवारी अंत्यविधीनंतर लोक तिच्या नावाने पेले उचलतील, तेव्हा मुकी बिअर तिला चालायची नाही.

लाजू नकोस. खिडकी उघडी ठेव. आजीचा आवाज चर्चपर्यंत यायचा. मी बाहेर पायरीवर बसून ऐकतो.

आजोबा