अर्धी पेटी फिजोआ

हॅमिल्टन,
शनिवार, ३ मे

प्रिय मर्डो,

तू आणि जीनवहिनी बरे असाल. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर तू शिडीवर चढलास, हे वहिनीने फोनवर सांगितलं. पोलिसात असताना लोकांना दम भरायचास, आता स्वतःला भर थोडा.

पत्रासोबत फिजोआची पेटी पाठवते आहे. तुमच्या दक्षिणेच्या गारठ्यात हे फळ धरत नाही, म्हणून दर वर्षी काठोकाठ भरून पाठवते. यंदा पेटी अर्धीच आहे. झाडाने काही हात आखडता घेतलेला नाही, अंगणात सडा पडलाय. दर वर्षीप्रमाणे इथे जो तो एकमेकांच्या दारात पिशव्या ठेवून पळतोय. पेटी अर्धी का, ते सांगते. जरा दम धर.

इथे हिवाळा तोंडावर आलाय, धुकं दहा वाजेपर्यंत हलत नाही. मी बरी आहे. झोप लागते, पण उठते तीच दमलेली. वय झालं म्हणावं, तर तू माझ्याहून सहा वर्षांनी मोठा आणि शिडीवर चढतोस.

नाताळात जेवताना आपलं वाजलं होतं, ते आठवतंय ना? पाव्हलोव्हा केक तसाच राहिला आणि वहिनी उठून आत गेली. तू म्हणालास, "तुझा तो कुर्द माणूस खरा निघाला तर आनंदच आहे, वकिलीणबाई. पण खोटा निघाला आणि भरबाजारात चार माणसं मेली, तर त्यांच्या दारात निरोप द्यायला तू जाणार आहेस का? मी गेलोय."  तो प्रश्न अजून डोक्यातून गेलेला नाही.

त्या वेळी कामाबद्दल मी फारसं बोलले नव्हते. जेवढं सांगायला बंदी नाही, तेवढं सांगते. तो कुर्द माणूस, हिवा, टायरच्या दुकानात काम करायचा. सरकार म्हणतं, तो देशाला धोका आहे. का, ते त्याला सांगत नाहीत, त्याच्या वकिलालाही नाही. ते कागद फक्त मी बघायचे आणि बंद दाराआड त्याच्या बाजूने भांडायचं, म्हणून कोर्टाने मला नेमलं. अट एकच. कागद उघडले की त्याच्याशी किंवा त्याच्या घरच्यांशी खटल्याबद्दल एक शब्दही बोलायचा नाही. मी शपथेवर कबूल केलं. इराणला परत पाठवला तर त्याला विमानतळावरूनच उचलतील, आणि पुढे काय होईल ते तू जाणतोस.

मर्डो, तो निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. पण त्या कागदांत एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल त्याला एक साधा प्रश्न विचारला असता तर सोक्षमोक्ष लागला असता. तो प्रश्न विचारायची परवानगी मी कोर्टाकडे मागितली. नाकारली. प्रश्न विचारला तर ती माहिती कुणी दिली ते उघड होईल, आणि त्या माणसाचा जीव जाईल. हेही खोटं नाही. त्यालाही कुठेतरी घरदार असेल, बायकामुलं असतील. म्हणून मी गप्प बसले. कोर्टात हिवा माझ्याकडे बघून मान लववायचा आणि मी टेबलाकडे बघायची.

मार्चमध्ये त्याची बायको शिलान माझ्या पायरीवर एक भांडं ठेवून गेली. द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात, वर लिंबू. आपल्या माणसासाठी कुणी भांडतंय तर त्याला जेवू घालायचं, एवढंच तिच्या मनात. मी कोर्टाला कळवलं. उत्तर आलं की परत करा. तोवर भात आंबला होता. भांडं घासलं, ती कपडे शिवते त्या दुकानात नेऊन ठेवलं आणि न बोलता निघाले. त्यात काही घालावं असं मनात आलं होतं, पण कुणी त्याचा निरोप मानला तर? म्हणून रिकामंच ठेवलं. केवढी मी नियमाची!

काल संध्याकाळी दार वाजलं. शिलान. हातात तेच भांडं.

"आत येत नाही बाई," ती म्हणाली. "तुम्हाला बोलायची बंदी आहे, ते ठाऊक आहे मला. मीच बोलते. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. घरात काही नसलं तर चिमूटभर मीठ घालतात. रिकामं भांडं म्हणजे संबंध संपला. मी वेडी, कोठडीतल्या भेटीच्या वेळी त्याला सांगून बसले. तो म्हणाला, 'तिने कागद वाचले आणि तिचाही विश्वास उडाला. आता कशाला भांडायचं?' सोमवारी तो स्वखुशीने परत जायच्या कागदावर सही करतोय."

तिने भांडं छातीशी धरलं.

"एकच विचारते. ते घाईत रिकामं राहिलं का हो?"

नुसती मान हलवली असती तरी ते उत्तर झालं असतं. मी म्हटलं, "थंडी वाढली आहे."

"हो," ती म्हणाली, "वाढली आहे." आणि वळली.

तुझ्यासाठी वेचलेल्या फिजोआची टोपली दाराशीच होती. मी तिला हाक मारली. तिच्या हातून भांडं घेतलं, मावतील तेवढी फळं भरली, वर दाबून आणखी बसवली आणि परत दिलं.  तिने भांड्यावर ओढणी घातली आणि जवळजवळ पळतच बसथांब्याकडे गेली. उद्या भेटीचा दिवस आहे.

रात्री मी न्यायाधीशांना लिहून कळवलं. सोमवारी सकाळी बोलावलंय, सगळ्यांसमोर. तुझी फळं अशी गेली.

ते विचारतील, फळं कशासाठी दिलीत? "अंगणात सडा पडला होता, म्हणून दिली," असं म्हटलं तर मी सुटेन. एप्रिल-मे महिन्यात अख्खं गाव हेच करतं, कुणालाही पटेल. पण हिवा तिथेच बसलेला असेल. म्हणजे ती नुसती फळंच होती, असं त्याला वाटेल, आणि दुपारी तो सही करेल. ते तिच्या प्रश्नाचं उत्तर होतं, हे खरं सांगितलं तर माझी सनद जाईल, कदाचित त्याहून जास्तही काही. माझ्या जागी दुसरं कुणी येईल आणि त्याच कागदांपाशी अडेल. पण भांडं रिकामं नव्हतं, हे हिवाला कळेल.

तू म्हणशील, शपथ म्हणजे शपथ. मलाही तेच वाटतं रे, म्हणून तर जीव थाऱ्यावर नाही. आज एकानेही अशी शपथ मोडली तर उद्या त्या लपलेल्या माणसाचं काय, हा विचार मनातून जात नाही. तरीही मी खरं सांगणार आहे.

वाईट निरोप कसा द्यायचा, ते तूच एकदा सांगितलं होतंस. समोरच्याच्या डोळ्यांत बघून, थोडक्यात, आणि आपले पाय थरथरले तरी दार सोडायचं नाही. चांगला निरोपही तसाच द्यायचा असेल, असं धरून चालते.

फळं मऊ झाली की लगेच खा. वहिनीला मुरंब्यापुरती होतील. रागावला असलास तर फोन कर, पण सोमवारनंतर.

तुझी,
सोमवार सकाळपर्यंत तरी वकील असलेली,
एल्सी