तोंडाला तोंड लावलेली मडकी

॥ श्री ॥

मळा, सटाण्याजवळ
३ फेब्रुवारी २०२५

ती. मोहिनीमावशीस,
वेदूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून तू हसशील, की पोरगी शेवटी वळणावर आली. पत्रं लिहीत जा हा तुझा हट्ट पुरवायला नाही गं लिहीत. फोनवर बोलायचं तर सासूबाई हातभर अंतरावर असतात, आणि मला सांगायचंय ते त्यांच्याबद्दलच आहे. शेजारचा रवी सातपूरला कामाला येतो, तो हे तुझ्या हातात देईल.

घरामागे नवी कांदाचाळ बांधायची ठरली. उन्हाळी कांदा निघायच्या आत उभी राहायला हवी, म्हणून शनिवारी खांबांचे खड्डे घेतले. तिसऱ्या खड्ड्यात पहार खापरावर बसली. माती काढली तर आडवी ठेवलेली दोन मडकी निघाली. एकाला भोक पडलं होतं. तुझ्या जावयाने, शेखरने, आत बघितलं आणि हातातली पहारच टाकली. आत हाडं आहेत, मावशी. लहान मुलाची.

तुला माहीत आहे, दीड वर्षापूर्वी श्रावणात मी सातव्या महिन्यातच घरी बाळंत झाले. ओढ्याला पूर होता, शेखर पलीकडे अडकलेला, जवळ फक्त सासूबाई. मला शुद्ध नव्हती. शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी सांगितलं, की मुलगी होती, मेलेलीच जन्मली, बांधावरच्या बोरीखाली पुरली. मी तिचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. नर्सबाई उशिरा पोचल्या, कुठे नोंद झाली नाही.

आता गावात तोंडं सुटली आहेत. काल नळावर तानुबाई सासूबाईंचं नाव घेऊन सगळ्यांसमोर म्हणाली, बयाबाईने ती पोर जिवंतच पुरली असणार, मुलगी होती ना. मी तिथे हंडा धरून उभी होते. मला ते खरं वाटत नाही. पण खोटं आहे हे तरी मला कुठून माहीत?

सासूबाईंनी मडक्यांवर घमेलं पालथं घालून वर दगड ठेवलाय. दोन दिवस जेवल्या नाहीत. चुलीपाशी बसून असतात. पुढच्या खोल्यांना फरशी बसवली तेव्हा भांडून स्वयंपाकघर मातीचं ठेवलं होतं, ते आता दिवसातून दोनदा सारवतात. मला पाचवा महिना लागलाय आणि मला माझ्या सासूची भीती वाटते. मी खोलीला आतून कडी लावते. दुपारी नुसती पाठ टेकली तरी लावते.

तू आयुष्यभर खोदकामांवर मडक्यांची चित्रं काढलीस. हे काय आहे ते सांग. उत्तर रवीच्याच हाती दे.

मला मनातून दूर करू नकोस, एवढंच मागते.
तुझी
वेदू

नाशिक
५ फेब्रुवारी

चि. सौ. वेदूस,
अनेक आशीर्वाद, आणि इतके दिवस गप्प बसलीस म्हणून पाठीत एक धपाटा.

तुझ्या अक्षराचे कोंबडीचे पाय लावून लावून वाचले. आता मी सांगते ते कर. शेखरला जवळ उभा कर आणि घमेलं काढ. काही धुवायचं नाही, हळदकुंकू वाहायचं नाही, मडकी हलवायची नाहीत. फक्त बघायचं. दोन्ही मडक्यांची तोंडं एकमेकांना लावलेली आहेत का? लाल रंगावर काळ्या रेघा आहेत का? आणि मन घट्ट करून जबड्याकडे बघ. सातव्या महिन्याच्या बाळाला वर आलेले दात नसतात, वेदू. तिथे असा एक जरी दात दिसला, तरी ते तुझं बाळ नाही.

मला काय वाटतं ते सांगते. आपल्या भागात माणूस लाखो वर्षं आहे, पण तो दगडाची हत्यारं घेऊन जनावरांमागे फिरणारा. साडेतीन हजार वर्षांमागे गिरणेच्या, गोदावरीच्या काठी लोकांनी जव पेरला, गुरं बांधली. पेरलं की कापणीपर्यंत थांबावं लागतं, म्हणून घरं बांधली. कुडाच्या भिंती, चोपलेली जमीन, मधे चूल. म्हणजे तुमच्या मळ्यासारखंच, फक्त पिकअप नव्हती. त्यांच्या घरात लेकरू गेलं की ते दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत. अशी कितीतरी मडकी मी कागदावर उतरवली आहेत. ते असं का करत, यावर आमचे साहेब लोक वीस वर्षं भांडले.

माझे जुने साहेब खंडेराव अजून हे काम बघतात. त्यांना मी कळवलंय. ते उद्या-परवा येतील. एक मडकं आहे तिथे घर असणार, म्हणून लांब चर घ्यावी लागेल म्हणाले. तू घाबरलेली असताना मला इकडे आनंद झाला, त्याची लाज वाटते आहे.

पण कडी लावतेस ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. बयाबाईंना मी तुझ्या लग्नात पाहिलंय. तोंडाने फटकळ, पण पंगतीत शेवटी जेवलेली बाई ती. तरी तुला धीर धरवेना झाला तर सरळ निघून ये. माझं घर म्हणजे तुझं माहेरच आहे.

माझा जीव तिथेच अडकलाय, हे लक्षात ठेवून पोटभर जेव.
तुझी
मोहिनीमावशी

मळा
९ फेब्रुवारी

ती. मावशीस,
वेदूचा शि. सा. न. वि. वि.

दात आहेत. तांदळाच्या कण्यांएवढे, मी आठ मोजले. तोंडाला तोंड आहे, काळ्या रेघा आहेत, आत एक लाल मणीपण आहे. मी खड्ड्याच्या कडेला बसून मोठ्याने रडले. कुणाचं तरी वर्ष-सव्वा वर्षाचं लेकरू गं ते, चालायला लागलेलं असेल. तरी माझं नाही म्हणून मला हायसं वाटलं.

ते हायसं एक दिवस टिकलं. काल हवालदार आले. कुणी कळवलं ते सांगायला नको. खंडेराव इथेच होते, त्यांनी ही मडकी जुन्या काळातली आहेत हे त्यांना पटवून दिलं. हवालदार म्हणाले, ठीक आहे, मग तुमचं मूल कुठे आहे ते दाखवा. शेखरने बोरीखालची जागा दाखवली. कंबरभर खणलं. मावशी, तिथे काहीच नाही. माती कधी हललेलीच नाही, असं खणणारा गडी म्हणाला.

शेखर म्हणतो, कोल्ह्याने नेलं असेल. पण बोलताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही, आणि आईकडे तर मुळीच नाही. त्याने तरी कुठे पाहिलं होतं? आईने सांगितलं, त्याने मानलं. सासूबाईंना मी विचारलं, की ती कुठे आहे. त्या उठून आत गेल्या. हवालदार १७ तारखेला, सोमवारी साहेबांना घेऊन येणार आहेत.

आणखी एक. खंडेरावांनी चुन्याची फक्की टाकून चरीची रेघ आखली. ती चाळीच्या खड्ड्यापासून स्वयंपाकघरापर्यंत येते. चूल मधे येते म्हणाले, ती हलवावी लागेल, नवी बांधून देऊ. तेव्हा सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसाला शिव्या दिल्या. रेघ पायाने पुसून टाकली आणि चुलीपुढे मांडी घालून बसल्या, त्या संध्याकाळपर्यंत हलल्या नाहीत.

ती रडली होती का गं जन्मल्यावर? दिवसभर मला हे एकच सुचतं. रडली असेल, आणि मला ऐकू आलं नसेल, तर? सासूबाई पाण्याचा तांब्या पुढे करतात, मी तहान नाही म्हणते आणि मग स्वतः उठून घेते.

सोमवारचं निभावलं की मी तुझ्याकडे येईन म्हणते. मला थारा दे.
तुझी
वेदू

मळा
११ फेब्रुवारी

मोहिनीताई ईहीणबाईंना बयाबाईचा रामराम.

मी चौथी शिकेल हाय, चुकलं माकलं पोटात घाला. हे पत्र वेदिकाला दावू नका. रवीच्या हातावर गुळाचा खडा ठेवून आन घालून दिलंय.

पोरगी मेलेलीच झाली. पर मी तिला बोरीखाली नेलं नाय. भाहेर धो धो पाऊस व्हता, कुत्री कोल्ही फिरत व्हती. माझ्या दोन पंजांत मावेल इतकुशी व्हती. तिला एकटीला भाहेर चिखलात ठेवायचं माझ्यानं झालं नाय. घरात नवं मडकं व्हतं. त्यात माझ्या लुगड्याचा मऊ तुकडा अंथरला, तिला ठेवली, वर परात झाकली अन् चुलीपाशी पुरली. तिथं ऊब राहते. माझ्या आईनंबी माझा धाकला भाऊ असाच चुलीपाशी ठेवला व्हता.

वेदिका रोज तिथंच बसून भाकरी थापते. सांगितलं असतं तर तिला तिथं बसवलं असतं का? म्हणून बोरीचं नाव घेतलं. मंग तेच धरून बसले. फरशी बसवायला आले तवा भांडले, लोकं म्हणले म्हातारीला येड लागलं.

चाळीच्या खड्ड्यात ते लेकरू पाहिलं तवा माझी छाती फुटायची बाकी राहिली. वाटलं, देवानं माझी चोरी उघडी केली. आता तुमच्या सायबाची रेघ माझ्या चुलीवर आली. तुम्ही धाडेल माणूस हाय, तुम्हीच थांबवा. पहार तिच्या अंगावर पडली तर मी काय करू? पोलिसाला काय सांगू?

पोरगी मला भिते. माझ्या हातचं पाणी घेत नाय. कडी लावते ते मला ऐकू येतं. दोन जिवांची हाय, तिला हे कळलं तर काही बरंवाईट होईल. तुम्ही शिकेल हायसा, वाट दावा.

तुमच्या पायाशी येऊन बसले असं समजा.
बयाबाई

नाशिक
१३ फेब्रुवारी

सौ. बयाबाई विहीणबाईंस,
मोहिनीचा मनापासून नमस्कार.

रेघ थांबवली आहे. खंडेराव रागावले, त्यांना रागावू दे. चूक माझी आहे. घरात भ्यालेली माणसं आहेत हे माहीत असून मी तिथे चर आखायला माणूस धाडला. माफ करा.

तुमचं पत्र मी कुणाला दाखवणार नाही. पण लपवायलाही मी मदत करणार नाही. वेदूला तुम्हीच सांगा, आणि सोमवारच्या आत सांगा. पोलिसांसमोर तिला कळलं तर ती तुम्हाला कधीच माफ करणार नाही. गरोदर बाईला सांगू नये म्हणता, पण तिच्या मनात आत्ता जे आहे ते याहून भयंकर आहे. मी ते इथे लिहू शकत नाही. तुम्हाला कळतंच आहे, म्हणून तर कडीचा आवाज तुम्हाला ऐकू येतो.

पोलिसांना जागा स्वतः दाखवा. काय होईल ते मला सांगता येत नाही. भीती मलाही वाटते.

आणि एक. त्या जुन्या काळच्या बाया लेकरं घरात का ठेवत, यावर आमच्या साहेबांनी जाड जाड अहवाल लिहिले. चुलीपाशी ऊब राहते, हे त्यांतल्या एकालाही सुचलं नव्हतं.

तुम्ही मला परकी मानली नाहीत, ते तसंच राहू द्या.
मोहिनी

मळा
१८ फेब्रुवारी

ती. मावशीस,
वेदूचा शि. सा. न. वि. वि.

तुला आधीच माहीत होतं, हे मला आता कळलंय. भांडण समोर आल्यावर करीन.

शनिवारी सकाळी मी भाकरी थापत होते. सासूबाई म्हणाल्या, जरा बाजूला सरक. मग जमिनीवर हात ठेवून त्यांनी सगळं सांगितलं. मी पिठाच्या हातांनी उठले आणि अंगणात जाऊन उभी राहिले. दीड वर्ष मी तिथे बसून भाकरी केल्या, हसले, त्यांच्याशी भांडले, आणि ती हातभर खाली. मी सरळ खोलीत जाऊन बॅग भरली, खोटं कशाला सांगू. शेखर दारात उभा राहिला, पण अडवलं नाही. मीच परत स्वयंपाकघरात गेले आणि रडली होती का, एवढंच विचारलं. त्या नाही म्हणाल्या. माझा विश्वास बसला असं म्हणणार नाही. बॅग भरलेलीच ठेवली.

सोमवारी हवालदार, त्यांचे साहेब आणि सरकारी डॉक्टरीणबाई आल्या. सासूबाईंनी स्वतः चूल काढली, स्वतः माती उकरली, पहारीला कुणाला हात लावू दिला नाही. मडकं निघालं. वर परात, आत त्यांच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा. मी बघितलं, मावशी. बघणार नव्हते, पण बघितलं. डॉक्टरीणबाईंनी मोजमाप केलं. सातव्या महिन्याचंच बाळ आहे, हाडांवर माराची खूण नाही म्हणाल्या. पण जन्मताना जीव होता की नव्हता, हे यावरून सांगता येत नाही. साहेबांनी सासूबाईंकडे बघितलं, आणि मीही बघितलं.

मग नर्स गोदावरीबाईंना बोलावून घेतलं. त्या दारातच रडायला लागल्या. नोंद केली नाही म्हणून नोकरीची भीती होती, त्यामुळे इतके दिवस गप्प राहिले म्हणाल्या. ओढा उतरल्यावर त्या पोचल्या तेव्हा बाळ गार होतं, निळं पडलेलं, गळ्याभोवती नाळ गुंडाळलेली. आणि बयाबाई त्याच्या तोंडात फुंकर घालत होत्या. किती वेळ घालत होत्या कुणास ठाऊक. थांबा म्हटलं तरी थांबेनात, शेवटी गोदावरीबाईंनी बाळ हातातून ओढून घेतलं. हे सासूबाईंनी मला सांगितलंच नव्हतं. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, जमलं नाही त्याचं काय सांगायचं.

साहेबांनी जबाब लिहून घेतले आणि सध्या तरी गुन्हा दाखल करण्यासारखं काही नाही म्हणाले. मडकं परत ठेवायची परवानगी दिली. सासूबाईंनी परात उचलली आणि थांबल्या. त्या चाळीच्या खड्ड्याशी रोज जाऊन बसत होत्या, ते मी पाहिलं होतं. उठल्या, माळ्यावरून एक कोरं मडकं काढून आणलं आणि आमच्या मडक्याच्या तोंडाला तोंड लावून ठेवलं. माती मी लोटली. सारवलं दोघींनी.

खंडेरावांना सांग, चाळ आम्ही पलीकडे सरकवतो, त्यांनी खड्ड्यापासून वावराकडे हवी तेवढी चर घ्यावी. आमच्या चुलीकडे मात्र यायचं नाही.

माझी भीती गेली, असं लिहिणार नाही. पोटात हललं की भीती वाटते, हललं नाही की जास्त वाटते. बॅगेतले कपडे अजून काढले नाहीत. पण आज दुपारी जरा पडले होते, डोळा लागला. जाग आली तर उशाशी पाण्याचा तांब्या झाकून ठेवलेला, आणि पायांवर सासूबाईंची गोधडी. तांब्यातलं पाणी पिऊन झाल्यावर मग माझ्या ध्यानात आलं, की कडी लावायची मी विसरले होते.

तुझी माया अशीच रवीच्या हाती येत राहू दे.
तुझी
वेदू