सिंबल जुळत नाही तोवर

३ फेब्रुवारी
ताईचा फोन. भाचीच्या बँडमधल्या ड्रमरने मनगट मोडून घेतलं. कार्यक्रम एक मार्चला. गाण्याच्या एका मोठ्या ग्रुपच्या बाई ऐकायला येणार, गाणं आवडलं तर भाचीला ग्रुपमध्ये घेणार. ताईने मला न विचारता सांगूनही टाकलं, मामा आहे की, कॉलेजात ड्रम्स वाजवायचा.

वाजवायचो म्हणजे वाजवायचोच. ड्रमर जेवायला गेला की त्याच्या जागेवर बसायचो. बसण्याचाही अनुभव लागतो.

मग भाची फोनवर आली. म्हणाली, मामा, तू आहेस म्हणून मी निर्धास्त. फोन ठेवला आणि चमचाभर ओवा चावला. दुपारचं जेवण जड झालं असणार.

संकल्प : रोज एक तास सराव. उद्यापासून.

५ फेब्रुवारी
ऑफिसातल्या एकाचा जुना इलेक्ट्रॉनिक ड्रमसेट आणला. रबराची पॅड्स आणि एक मॉड्यूल, म्हणजे सेटचा मेंदू. पॅडवर स्टिक मारायची, आवाज मेंदू काढतो, तोही फक्त हेडफोनमध्ये. बाहेर कोणाला काही कळत नाही. ही सोय फार आवडली.

सिंबल, म्हणजे झांजेसारखी थाळी, मात्र एकही नाही. सिंबलशिवाय सराव म्हणजे हाताला वाईट सवय. सराव पुढे ढकलला.

८ फेब्रुवारी, सकाळ
सिंबल आणलं. कंपनी दुसरी, पण दिसायला देखणं. मधोमध मारलं की वाजतं, कडेला मारलं की मूग गिळून गप्प. दुकानदाराला फोन केला. म्हणाला, मॉड्यूल कुठलं ते आधी सांगायचं ना साहेब. वायर बसली म्हणजे सिंबल जुळलं असं नसतं. एका कंपनीच्या कडेचा सिग्नल दुसरीच्या मॉड्यूलला कळेलच असं नाही.

इतकं हायसं वाटलं की विचारू नका. अडचण वेळेवर सापडली म्हणून. दुसरं काही कारण नाही.

१२ फेब्रुवारी
सिंबल बदलून आणलं. याला दोन वायर. मॉड्यूलला जागा एकाच वायरची. परत.

हाय-हॅटही आणली, म्हणजे पायाने उघडायची-मिटायची ती सिंबलची जोडी. पेडल दाबलं की उघडते, सोडलं की मिटते. नेमकं उलटं. पेडल तिसऱ्याच कंपनीचं निघालं. तीही परत.

बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. तिला शांतपणे सांगितलं की इथे अंगण खरोखरच वाकडं आहे, दुकानदाराला विचार. ती म्हणाली, त्याला कशाला, मी तुम्हालाच विचारते, अहो, एकदा तरी वाजवून पाहिलंत का? घरच्यांना तांत्रिक बाजू कळत नाही.

१६ फेब्रुवारी
भाचीचा फोन. रिहर्सलला कधी येऊ? सांगितलं, किट अजून कम्पॅटिबल नाही. म्हणाली, जे आहे त्यावर वाजव. या पिढीला क्वालिटीची पर्वाच नाही.

फोन ठेवला तर तळहात ओलेचिंब. स्टिक सटकून कपाटामागे गेली. उकाडा आहे.

नाही, उकाडा नाही. हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. घाबरलोय. माझ्यापायी पोरीची संधी गेली तर ताईला कुठल्या तोंडाने भेटू?

१७ फेब्रुवारी
कालची नोंद तापात लिहिली असावी.

२२ फेब्रुवारी
दुकानदार स्वतः घरी आला. पॅड्स, सिंबल, पेडल, सगळं मॉड्यूलच्याच कंपनीचं. सेटिंग केलं. सिंबल मधोमध वाजलं, कडेलाही वाजलं, हाय-हॅट दाबल्यावर मिटली. हात झटकत म्हणाला, "साहेब, आता काही अडचण नाही."

इतकं भयंकर वाक्य आयुष्यात ऐकलं नव्हतं. विचारलं, पॅड जरा कडक नाही वाटत? नाही. स्टूल बुटकं? नाही. परत एकदा तपासता का? त्याने बॅग उचलली.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळ
भाची आली. आल्याआल्या हेडफोन उपसला आणि स्पीकर जोडला. हे ठरलं नव्हतं.

वाजवलं. सुरुवात बरी झाली. मग डावा पाय उजव्याचं ऐकेना. तिचं गाणं संपलं तेव्हा माझं थोडं शिल्लक होतं. बायको गॅस बंद करून बघायला आली.

भाचीने मॉड्यूल स्वतःकडे ओढलं. मग तिने योजना सांगितली. पूर्ण ताल ती मॉड्यूलमध्ये रेकॉर्ड करून ठेवणार. पॅड्सचा आवाज बंद, मी नुसता हात चालवायचा. शेवटी सगळं थांबेल, ती माझ्याकडे बघेल, तेव्हा सिंबलवर एक फटका. "तेवढा एक खरा, मामा. तो तू मार."

म्हणजे गाण्याचा कळसच माझ्याकडे. उगाच नाही देत कोणी.

२८ फेब्रुवारी
एकच फटका. पण एकच असला की चुकला तर शंभर टक्के चुकला. सकाळी उठल्याउठल्या थर्मामीटर शोधला. ताप पाहिला, नाही. परत पाहिला, नाही. थर्मामीटरही मला कम्पॅटिबल नाही.

१ मार्च, दुपार
हॉलवर. विंगेतून पाहिलं, बाई पहिल्याच रांगेत. मागच्या दाराला कुलूप नाही हेही पाहून ठेवलं. सहज.

१ मार्च, घरी आल्यावर
ताल सुरू झाला. हात चालवले. भाची अशी गायली की मी दोनदा हात चालवायचा विसरलो. मग सगळं थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी स्टिक वर उचलली.

हात खाली येईना. पाचावर धारण बसली. हॉलमध्ये श्वासाचा आवाज नाही. आता गेलं पोरीचं सगळं, एवढंच मनात.

आणि सिंबल वाजलं. खणखणीत, जिथल्या तिथे. स्टिक माझ्या डोक्यावर तशीच होती.

टाळ्या. बाईंनी भाचीला तिथेच होकार दिला.

विंगेत तिला गाठलं. विचारलं, हे कधी केलंस? म्हणाली, तुझ्या घरी ताल रेकॉर्ड केला त्याच दिवशी, तू पाणी प्यायला आत गेलास तेव्हा शेवटचा फटकाही त्यातच घातला. माझ्या सिंबलचा आवाजही तिने त्याच दिवशी बंद केला होता. मारलं असतं तरी वाजलं नसतं. मधल्या दिवसांत एकदा तरी मारून पाहिलं असतं तर कळलं असतं. माझी बोटं स्टिकवरून सुटत नव्हती, ती तिने एकेक करून सोडवली. म्हणाली, "तू बसलास ना मामा, पुरे झालं."

तेवढ्यात ताई आली, डोळे पुसत. म्हणाली, शेवटचा फटका काळजात बसला रे.

मी म्हणालो, सिंबल चांगलं आहे.