गळका पंप आणि दामिनीची पावडर

गोळीबार चौक, नागपूर
बुधवार

तीर्थस्वरूप लहानूभाऊंस धाकट्या जागेश्वरचा दंडवत. तुळजावहिनींनाही. तुमचा गुडघा कसा आहे? मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकलं, की अजून मुहूर्तच पाहणं सुरू आहे? इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. पुढचं वाचून झालं की ते खोडून टाका. फोनच करणार होतो, पण मागच्या खेपेस तुम्ही तीनदा "कोन बोलून राहिला गा?" म्हणून ठेवून दिलात आणि चौथ्यांदा मला पोलिसांची भीती घातलीत, तेव्हा पत्रच बरं. (उमरेडला पत्र पोचायला चार दिवस लागतात. तेवढ्यात आमच्या घरात काही सुधारेल अशी आशा नाही.)

मुख्य दुःख आधी सांगून टाकतो. आमची सून दामिनी, अंकुरची बायको, आठ दिवस झाले माझ्याशी बोलत नाही. तशी ती भांडखोर नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. संध्याकाळी ऑफिसातून आली की दोन कप चहा करून माझ्याजवळ बसायची आणि बुटीबोरीच्या आपल्या कापडगिरणीच्या गोष्टी विचारायची. गिरणी बंद पडल्यापासून या घरात तिच्याबद्दल विचारणारं ते एकच माणूस. (मी बॉयलर हा शब्द काढला की अंकुर मोबाईल चार्जिंगला लावायला उठतो. त्याचा मोबाईल कायम भरलेला असतो.) आता चहा येतो, पण एकच कप, तो स्टुलावर ठेवला जातो आणि पावलं परत स्वयंपाकघरात जातात. मला फार वाईट वाटतं, भाऊ. चहा तोच आहे, पण अर्धा तसाच राहतो.

याचं मूळ आहे भांडी धुण्याचं मशीन. गेल्या दिवाळीला दामिनीने ते स्वतःच्या बोनसमधून घेतलं. आपल्या घरचे सावजी रस्से तुम्ही जाणताच. पातेल्यावरची तर्री घासून घासून तुमच्या भावजयीच्या, सिंधूच्या, बोटांना भेगा पडल्या होत्या आणि लेकीसारख्या सुनेला ते बघवेना. सिंधूने मशीनचं स्वागत आपल्या पद्धतीने केलं, म्हणजे सगळी भांडी आधी स्वच्छ घासायची आणि मग मशीनमध्ये ठेवायची. (मशीनला घाण दिसू नये म्हणून.) महिनाभराने तिची खात्री पटली आणि भेगा भरून आल्या. तेव्हा ती मशीनला हळदकुंकू लावते हेही मी एकदा पाहिलं. मग आमच्या बोअरच्या पाण्याने काचेचे ग्लास पांढरे दिसू लागले. दामिनी मला म्हणाली, "बाबा, तुमाले समजते ना मशीनचं, पाहा ना जरा." भाऊ, गिरणी बंद पडल्यापासून सात वर्षांत हे वाक्य मला कोणी म्हटलं नव्हतं. मी इलाज केला, ग्लास चकाकले. (इलाज कोणता ते सांगायचं इथे कारण नाही.) "जादूच केली तुमी," ती म्हणाली, आणि मी दोन दिवस शर्टाची वरची बटणं उघडी ठेवून हिंडलो.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मशीनखाली पाण्याचा ओघळ दिसला. इथे माझ्याकडून जी चूक झाली ती तुमच्याकडूनही झाली असती, म्हणून निःसंकोच लिहितो. आपल्या पंपहाऊसमध्ये पंप थेंब थेंब गळलाच पाहिजे, नाहीतर फटीत ठासलेली सुताची दोरी कोरडी पडून जळते, हे तुम्हीच मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मी थेंब मोजले, मिनिटाला वीस. उत्तम पंप, असं घरात जाहीर केलं आणि खाली वाटी ठेवली. आठवडाभर वाटी भरत होती आणि मी ती कुंडीत ओतत होतो. (तुळस गेली. त्याबद्दल सिंधूने जे काही सुनावलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.) नवव्या दिवशी मशीन मधेच थांबलं आणि नुसतं घुर्र घुर्र करत राहिलं. त्याच्या बुडाशी एक तसराळं असतं, त्यात थर्माकोलचा तुकडा. पाणी साचलं की तुकडा तरंगतो आणि मशीन हात वर करतं. आपल्या गिरणीत एवढी अक्कल असलेला थर्माकोल नव्हता.

अंकुर म्हणाला, कंपनीच्या मेकॅनिकला बोलावू. मी म्हटलं, घरात फिटर असताना? मशीन उताणं पाडलं, तळाचा पत्रा काढला, पण आत इतक्या नळ्या की पाणी नेमकं कुठून येतं ते दिसेना. दाराचं रबर बदललं, पाणी येतच राहिलं. मागची नळी आवळली, तरी येतच राहिलं. मग गिरणीतला उपाय आठवला. पाइपलाइनची गळती सापडेना की आपण पाण्यात रंग सोडायचो आणि रंग कुठे फुटतो ते बघायचो. गांधीबागेतून लाल रंगाची पुडी आणली, चिमूटभर टाकली (चिमूट बहुधा आपल्या डाइंग खात्याच्या मापाची झाली) आणि मशीन चालू केलं. गळती सापडली, भाऊ! हीटर पंप. पाणी तापवणं आणि फिरवणं ही दोन्ही कामं एकच नारळाएवढा पंप करतो. त्याच्या बुडाला हीटर बसवलेला असतो आणि मधल्या रबराच्या कडीतून लाल पाणी झिरपत होतं. निदान शंभर टक्के बरोबर होतं, हे कृपया लक्षात असू द्या, कारण पुढे तसं काही उरलेलं नाही. प्लास्टिकचे डबे, सिंधूच्या पांढऱ्या मेलामाइनच्या प्लेटा आणि माझे दोन्ही हात गुलाबी झाले. अंकुर अजून गुलाबी डबा घेऊन ऑफिसला जातो.

लकडगंजातली रबराची सगळी दुकानं पालथी घातली, तशी कडी मिळाली नाही. मग मी सुताची दोरी वळली, ग्रीसमध्ये बुडवली आणि त्या फटीत ठासून भरली. काय सुरेख दोरी होती! आपल्या बापजाद्यांनी मागावर आयुष्य काढलं, सूत वळणं हातातच असतं. गार पाण्यात एक थेंब आला नाही. मी सगळ्यांना बघायला बोलावलं. दामिनीने टाळ्या वाजवल्या. पाणी तापलं तसं ग्रीस पातळ झालं, दोरी सुटली आणि फ्रिजपर्यंत गरम गुलाबी पाणी पसरलं. सिंधू चौरंगावर उभी राहून ओरडली, "हात लावू नका म्हटलं होतं ना जी म्या!"

दुसऱ्या दिवशी कंपनीकडून मेघा नावाची पोरगी आली. पाठीवर पिशवी, हातात एवढासा पेचकस. वीस मिनिटांत जुना पंप बाहेर, नवा आत. माझ्या दोरीकडे तिने बराच वेळ पाहिलं, हसली मात्र नाही, हे तिचे उपकार. मग जुनी कडी बोटांवर घेतली तर तिचा चुरा झाला. "काका, ॲसिडसारखं काही टाकलं काय याच्यात? रबर पूर्ण खाऊन टाकलं ना." सिंधू म्हणाली, "हे ते मशीनमंदी टाकाचं पावडर असन. पोरगी सस्तं पाहून ऑनलाइन मागवते, म्या कवाचीच सांगून राहिली." दामिनीने माझ्याकडे पाहिलं. मशीनचं मला समजतं ना, म्हणून. मी माझ्या गुलाबी हातांकडे बघत म्हणालो, पावडर असू शकते.

एवढंच बोललो, भाऊ. तेव्हापासून ती गप्प आहे. सिंधू येणाऱ्याजाणाऱ्याला पावडरीची गोष्ट सांगते, आणि ज्या पोरीने हिच्या बोटांसाठी बोनस घालवला ती खाली मान घालून भाजी चिरते. नवा पंप एक थेंब गळत नाही. त्याच्याजवळ बसून ऐकलं तर आवाजसुद्धा येत नाही. माझं तिथे काही काम राहिलेलं नाही.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला तीळतेल लावत जा.

तुमचा
जागेश्वर

ता. क. : एक विनंती होती, त्यासाठीच खरं तर पत्र लिहायला घेतलं. तुमचा शब्द आमच्या घरात वेदवाक्य आहे. तुम्ही सिंधूला चार ओळी लिहा की बोअरच्या पाण्याने रबर आपोआप झिजतं, त्यात पावडरीचा दोष नाही आणि अर्थात दुसऱ्या कोणाचाही नाही.

ता. क. २ : लिहू नका. तुम्ही खोटं लिहिलेलं सिंधूला लगेच कळतं. ग्लास पांढरे झाले तेव्हा मी होळीच्या आदल्या दिवशी, घरात कोणी नसताना, संडास धुवायचं ॲसिड अर्धी बाटली मशीनमध्ये ओतून गरम पाण्यावर चालवलं. आपण दर चार महिन्यांनी बॉयलर धुवायचो, तसं. बॉयलर लोखंडाचा होता आणि इथे आत रबर आहे, हे मला त्या वेळी सुचलं नाही. जादू ती हीच. दामिनीला ते मेघाच्या प्रश्नासरशी कळलं असणार. ती माझ्याकडे बघत होती ती मी खरं बोलतो का ते पाहायला. पावडर चांगली आहे. पोरगीही चांगली आहे. मी घाबरलो. मशीनचं मला समजतं, असं म्हणणारं एकच माणूस उरलं होतं आणि ते जाईल म्हणून मी गप्प बसलो, तर ते तसंही गेलं.

ता. क. ३ : घरातला डिंक संपला आहे, त्यामुळे पाकीट उघडंच आहे. पोस्टात टाकायला दामिनीकडे देतो. तिच्या ऑफिसच्या रस्त्यावर पेटी आहे. हे पत्र तुम्हाला पोचलंच नाही, तर काळजी करू नका, ते पोचायचं तिथे पोचलं असं समजा.