आपल्या गल्लीतून गोवर हद्दपार

३० डिसेंबर, मंगळवार
आरोग्य केंद्रातली हेतल सिस्टर आली होती. मागच्या गल्लीत एका पोराला गोवर निघालाय म्हणे. सगळ्या देशातून घालवायचाय, आणि हा इथे खांदा कॉलनीत! माझ्या नातीचा, रेवाचा, दुसरा डोस राहिलाय. गल्लीतली आणखी पोरंपण बाकी. मी म्हटलं, गल्ली माझ्यावर सोड. शिकले चौथीच, पण बोलण्यात मला कोण हरवतंय!

६ जानेवारी, मंगळवार
समोरची भीमाबाई म्हणते, आमी नाय सुई देत, ताप येतो. मी सुनावलं, ताप दोन दिवसांचा, गोवर छातीत उतरला म्हणजे कळेल. रेवाला मात्र आज नेलं नाही. अंगारकी. उपाशी पोटी तिचं रडणं सोसत नाही मला. केंद्रात लस मंगळवारीच असते, पुढच्या मंगळवारी नक्की.
संध्याकाळी सून विनिता ऑफिसातून आली, विचारलं नेलं का. म्हटलं, आधी गल्ली. रेवाला उचलून आत गेली. थकते बिचारी.

१३ जानेवारी
भोगी. भाजी, तिळाच्या भाकऱ्या, हात कुठे मोकळे? शिवाय रेवाला दाढ येतेय.
सिस्टरचा फोन. वीस तारखेला अकरा ते एक समाजमंदिरात खास आपल्या गल्लीसाठी बसणार. म्हटलं, झालंच समज.

१७ जानेवारी, दुपार
आयडिया! रेवाचं बोरन्हाण करते. बोरं, चुरमुरे, चॉकलेटं म्हटलं की सगळी पोरं येतील, आयांना मी गोवरावर भाषण देईन. मंगळवारी अकरा वाजता ठेवलं. नशीब बघा, सगळ्या जणींनी नेमकी तीच वेळ आधीपासून मोकळी ठेवलेली!

२० जानेवारी
काय गर्दी! हलव्याच्या दागिन्यात रेवा राणी दिसत होती. गल्लीतलं एक पोर घरी राहिलं नाही. भाषणाला टाळ्या पडल्या.
दीड वाजता सिस्टर आली, लसीचा डबा खांद्यालाच. समाजमंदिरात दोन तास रिकाम्या सतरंजीवर बसले, म्हणाली. एक पोर फिरकलं नाही. मी तिळगूळ दिला. हातातच धरून उभी राहिली.
लोकांना काही समजतच नाही.

२२ जानेवारी
रेवाचं अंग तापलंय. दहादा कपडे काढून पाठ बघितली. हा डाग कालपण होता का? मी तिला कशाला सगळ्या पोरांत बसवली?
डॉक्टर म्हणाले, साधी सर्दी. घरी येऊन परत पाठ बघितली.

२७ जानेवारी, मंगळवार
ताप गेला. विनिताने हाफ डे टाकला. मी साडी बदलून तयार. ती म्हणाली, आई, तुम्ही घरी थांबा.
सिस्टर परत समाजमंदिरात बसली होती, गल्ली सगळी गेली. नातवाला घेऊन भीमाबाईसुद्धा. परत येताना हसण्याचा आवाज कोपऱ्यापासून. सिस्टरने विचारलं म्हणे, आता कोण बाकी? भीमाबाई बोलली, पोरं झाली सगळी, आता हिची सासू तेवढी रायली.
विनितापण हसली.
रेवाने दंड पुढे केला. मी फुंकर घातली. आपली गल्ली पूर्ण झाली, आणि मी घरी होते.