पंचवीस वर्षांचा झणका

१४ डिसेंबर

बनावट! शिवतेजला कुठल्या तरी बंदरावर गंडवलं. पुतण्या बोटीवर नोकरीला. काकासाठी हौसेनं स्कॉच घेऊन साताऱ्याला आला — सिंगल माल्ट, पंचवीस वर्षं मुरलेली — आणि पेल्यात नाक घातलं तर काहीच नाही! रंग सुरेख. पेल्याच्या कडेनं ओघळ सावकाश उतरतात. घशात झणका चांगला. वास मात्र शून्य. जन्मभर डिस्टिलरीत नाकावर भाकरी मिळवली, मला फसवणार?

"ओत मोरीत," म्हणालो. आमच्या हिचा, राजेश्वरीचा, जीव तुटला. "आवं, एवढ्या लांबनं पोरानं आणलीया!"

ओत म्हणजे ओत.

२० डिसेंबर

दूध उतू जाऊन करपलं. ही मागच्या दारी. घरभर धूर, आणि मी शेगडीशेजारी पेपर वाचतोय!

बाटली खरी होती.

२३ डिसेंबर

नाकाच्या डॉक्टरकडे एकटाच गेलो. दिवाळीतल्या तापात वासाची नस गेली असावी. परत येईल? "सांगता येत नाही." धीर एवढाच दिला — दारूचा झणका कळतोय, म्हणजे बाकीचं शाबूत आहे. तोही गेला तर मिरजेला जाऊन मेंदूचा फोटो काढायचा.

ज्या नाकावर माशी बसू दिली नाही, त्याचा उपयोग आता चष्मा ठेवायला. हिला निम्मंच सांगितलं — वास गेल्याचं.

२ जानेवारी

शिवतेजचा फोन. "काका, कशी हाय? तुमी सांगितल्याबिगर मी न्हाई म्हणायचो कुणाला भारी हाय म्हणून." काय सांगू पोराला?

हिला विचारलं, खरंच ओतलीस का गं? हिनं शेगडीवर आधण ठेवलं. मग, "न्हाई वं. हाय माळ्यावर. आदी च्या घेते, मग काढते." चहा झाला, मग बाटली आली. माळ्यावर चढली, म्हणजे गुडघे बरे दिसतात हिचे.

म्हटलं, तू हुंग आणि मला सांग. दारूला कधी न शिवलेली बाई! पेला नाकाशी नेला न नेला, डोळे मिटून सांगायला लागली. "गुऱ्हाळाचा धूर. काकवी. भिजलेलं गोणपाट. आन् कापूर."

कापूर? माल्टमध्ये? असेलही. इतकं नेमकं तर मलाही सांगता आलं नसतं. ऐकता ऐकता मला रडूच आलं. जे माझ्या पेल्यात होतं ते हिच्या तोंडून ऐकायची वेळ आली.

मग थेंबभर जिभेवर घेतलं. लाकडाचा कडवटपणा लागला. झणका नाही.

आणखी एक थेंब. नाही!

३ जानेवारी

नाही.

६ जानेवारी

मिरजेची वेळ घेतली, शुक्रवारची. हिला म्हटलं, साधी तपासणी आहे.

पित्तामुळे वर्षभर माझं जेवण बिनतिखटाचं, नाहीतर पानावरच कळलं असतं. हिच्या खर्ड्याला बोट लावून बघावं का? धजत नाही. तोही मिळमिळीत लागला तर? भीती वाटते. दिवसभर नुसता बसून असतो आणि ही विचारते, काय होतंय? पित्त, म्हणतो.

९ जानेवारी

पिशवी घेऊन निघालो तर ही दारात आडवी. "खरं सांगा, कशाला चाललाय?" सांगून टाकलं. दारूचा झणकासुद्धा कळेना, मेंदूचा फोटो काढायचाय.

हिनं पिशवी हिसकावून घेतली. "आवं, नगा जाऊ! बाटलीत कोरा च्या हाय. तुमी ओत म्हणला, माझं मन हुईना. कापूर घालून समदी गुडघ्याला चोळली!"

तसाच आत गेलो. खर्ड्यात बोट बुडवलं आणि चाटलं. नाकाडोळ्यांतून पाणी — लिहितोय तरी थांबत नाही!